नामदेवभाऊ ‘कळवतो’ म्हणाले

मोताळ्यात कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचं कौशल्य प्रशिक्षण सेंटर आहे. मी तिथं पोरांना कॉम्प्युटर आणि इंटरव्ह्यू शिकवतो. बॅच येते, बॅच जाते. पोरं शिकलेलं सोबत नेतात की नाही देव जाणे, किस्से मात्र सगळे माझ्याकडे ठेवून जातात!

*

यंदाच्या बॅचमधला संदीप. सरावाच्या इंटरव्ह्यूत मी म्हटलं, “स्वतःबद्दल सांगा.” त्यानं आधी गाव सांगितलं, मग वडिलांचं नाव, मग मामाचं गाव. बहिणीच्या सासरापर्यंत पोचला तेव्हा मी थांबवलं. म्हटलं, काय शिकलास, काय येतं ते सांग. कंपनीला तुझ्या मामाशी काय करायचंय?

“मंग ओळख कशी पटन, सर?”

मी शून्य मार्क दिले.

*

पुढचा प्रश्न होता, तुमची कमजोरी कोणती?

“शेगावची कचोरी.”

मी समजावलं की कमजोरीवर मात कशी करताय तेही सांगायचं असतं. दुसऱ्या दिवशी गडी पिशवीभर कचोऱ्या घेऊन आला, सगळ्यांना वाटल्या आणि स्वतः हाताची घडी घालून बसला. आम्ही खाल्ल्या. मात झाली.

*

यंदा पोरांना एआय शिकवा, असा वरून आदेश आला. शिकवला. पोरांनी पहिलं काम काय केलं, तर त्याच्याकडून बायोडाटा लिहून घेतला आणि परस्पर पुण्याच्या एका कंपनीला पाठवला. तिथल्या मॅडमचा फोन आला. सगळ्यांना लहानपणापासून नेतृत्वाची आवड, सगळ्यांचा छंद प्रवास. हा एकच माणूस आहे का, असं त्या विचारत होत्या.

फोन स्पीकरवर होता. संदीप म्हणाला, “नाही मॅडम, गावं अलग अलग हायेत.”

मॅडम हसल्या नाहीत. पण त्यांनी एक बायोडाटा बाजूला काढला होता, पल्लवीचा. तो तिनं स्वतः लिहिला होता. वांग्याच्या कोणत्या वाफ्याला कधी पाणी द्यायचं, हे ती घरच्यांसाठी एक्सेलमध्ये मांडते, एवढंच त्यात होतं.

*

पल्लवीला ही नोकरी हवीच होती. पण पुण्याला जायचं तर वडील, नामदेवभाऊ, हो म्हणायला हवेत. “हे गेलं तर मंग घरीच, सर,” असं ती मला म्हणाली होती. मला तिची फार काळजी वाटायची.

व्हिडिओवर इंटरव्ह्यू झाला, छान झाला. शेवटी मॅडमनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? पल्लवीनं तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेल्या नामदेवभाऊंनी खुर्ची पुढे ओढली. जागा स्वतःची की भाड्याची, पोरी राहतात कुठं, स्वयंपाक कोण करतं, आधी नेलेल्या पोरी टिकल्या का, त्यातल्या एकीचा नंबर मिळेल का. मॅडमनी सगळ्याची उत्तरं दिली आणि पल्लवीला घेतल्याचं सांगितलं.

नामदेवभाऊ उठले. “घरी इचारतो अन् कळवतो.”

कंपनी ‘कळवतो’ म्हणाली तर काय करायचं, हे मी शिकवतो. इथं माझं शिक्षण संपलं! पल्लवी खाली मान घालून चार्जरची वायर गुंडाळत बसली.

*

आठवडा गेला आणि मॅडमचाच फोन आला, काय ठरलं त्यांचं? मी शेतात गेलो. नामदेवभाऊ वांगी तोडत होते.

“पोरगी धाडाची म्हंजे मानसं पाहा लागतात,” ते म्हणाले. “त्या बाईले म्हना, एकडाव जेवाले या.”

हा निरोप मी फोनवर जसाच्या तसा सांगितला. मॅडम म्हणाल्या, रविवारी शेगावला दर्शनाला यायचंच आहे, तशीच येते.

आल्या. वांग्याची भाजी आणि भाकरी होती. पहिला घास झाल्यावर नामदेवभाऊ म्हणाले, “आता तुमच्याबद्दल सांगा थोडं.”

मॅडमनी आधी गाव सांगितलं. मग वडिलांचं नाव. मग मामाचं गाव, आमच्याच जिल्ह्यातलं दुसरबीड.

पल्लवीची आई उठली आणि माळ्यावरची बॅग काढायला आत गेली.