लीनाची तात्पुरती पळवाट

कॅनडातल्या थंडर बेच्या आमच्या ऑफिसात लीना कोस्कीला मान सगळे देतात, सुट्टी कोणी देत नाही. धान्याचे ट्रक तोलणाऱ्या काट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. काट्याच्या प्रोग्रामला एका लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडची, जुनी आवृत्ती लागते. त्याच्या चाचण्या चालवणाऱ्या साधनाला नवी. दोघी सवती एका घरात नांदेनात. तेव्हा लीनाने जुनीचं नाव बदलून तिला मागच्या दाराने आत घेतलं आणि वर शेरा लिहिला, 'तात्पुरतं'. त्याला अकरा वर्षं झाली. लायब्ररीत जरा काही बदललं की चाचण्या कंपाइल होत नाहीत, म्हणजे मशीनला चालवता येतील अशा रूपात येतच नाहीत, आणि लीनाला हाक जाते.

यंदा तिच्या थोरल्या बहिणीची, आयर्माची, नजर जायला लागली. आयर्मा हजार किलोमीटरवर सडबरीत एकटी राहते. तिथल्या आमच्या शाखेत एक जागा रिकामी होती, पण ती लीनासाठी महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवणार होते. मॅनेजर गॉर्डने अट घातली, "तुझा हात न लागता चाचण्या कंपाइल होऊ देत, मग खुशाल जा."

तिची जागा घ्यायला मला नेमलं.

"जाताना हे लोढणं माझ्या गळ्यात बांधतेस होय?"

"तुझा गळा जाड आहे," ती म्हणाली.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी माझ्या मशीनवर एकट्याने सगळं लावलं. चाचण्या कंपाइल झाल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. गॉर्डने गुलाबी आयसिंगच्या पर्शियन पावांचं खोकं उघडलं. आमच्याकडे निरोप त्यावरच होतो. लीनाने आयर्माला फोन केला. "येतेय मी. अगं हो, खरंच." मला फार बरं वाटलं.

मग ती पाव खात माझ्या मशीनपाशी आली आणि खायची थांबली.

"शिकवताना मी इथे माझी जुन्या लायब्ररीची प्रत टाकली होती. काढलीस?"

"नाही."

"मग कंपायलर तीच उचलतोय, तू लावलेली नाही. कोऱ्या मशीनवर लावून बघ."

"लीना, गप्प बस," मी हळूच म्हणालो. "तू सडबरीला जा. पुढचं मी निस्तरतो."

"तू काय निस्तरणार? जमलं नाही की तुम्ही चाचण्याच बंद कराल. मग काटा चुकला तरी कुणाला कळायचं नाही."

मला तिचा संताप आला. एवढा प्रामाणिकपणा मागितला होता कुणी? तरी कोरं मशीन घेतलं. पहिल्याच फाइलला लाल.

गॉर्डने बोटावरचं आयसिंग पुसलं. "ती जागा तर आता जाणार," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

टेबलावर लीनाचा फोन वाजत होता. आयर्माचाच. लीनाने तो उलटा ठेवला आणि खुर्ची ओढली.

"सरक," ती मला म्हणाली.