गोटीरामच्या नावावरचे अकरा हात

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जयराम पेंटरच्या हाताखाली काम करायला कुणी राजी नसे. माणूस वाईट नव्हता, पण घासायला लावायचा. पाइप असो, कठडा असो, जुना रंग मुळापासून निघाल्याशिवाय नव्या डब्याचं झाकण उघडायचं नाही, हा त्याचा नेम. साहेब घाईवर आले की तो नखाने एखादा पापुद्रा उचलून दाखवायचा. "मळावर पावडर थापून कोन गोरं झालंय का, साहेब?" साहेब आल्या वाटेने परत जायचे आणि दोन दिवसांचं काम पाच दिवस चालायचं.

चौऱ्याऐंशीच्या भीमजयंतीआधी वस्तीतल्या विहाराने वर्गणी काढून नवे कर्णे घेतले आणि जुनं निळं खोकं भिंतीबाहेर टाकलं. जयरामने ते हातगाडीवर घालून घरी आणलं. खोकं म्हणजे त्याच्या धाकट्या भावाच्या, गोटीरामच्या गिटारचा स्पीकर. गोटीराम गायन पार्टीत मांडीवर आडवी गिटार घेऊन वाजवायचा. देवळाली कॅम्पातल्या कुठल्याशा लिलावातून त्याने हे विलायती धूड आणलं होतं. काळं रेक्झिन, पुढे चंदेरी कापड, उचलायला दोन माणसं. ते बोलू लागलं की वस्तीतले पत्रे थरथरायचे आणि म्हाताऱ्या शिव्या घालत ऐकत बसायच्या.

बहात्तरच्या हिवाळ्यात विंचूरचा कार्यक्रम करून परतताना टेम्पो उलटला. गोटीराम गेला. खोक्याला मात्र ओरखडाही नव्हता. आई रंगूबाईने ते विहाराला देऊन टाकलं. तेव्हापासून दर जयंतीला बाकड्यांबरोबर त्यालाही निळा हात मारला जाई.

गोटीरामचा फोटो नव्हता. एकदा पार्टीचा काढला होता, त्यात गायकाच्या आडून याचं नुसतं कोपर दिसत होतं. मागे राहिली होती एकच गोष्ट. खोक्याच्या पाठच्या उघड्या फळीवर त्याने जयरामचाच ब्रश मागून पांढऱ्या ऑइलपेंटने आपलं नाव लिहिलं होतं. अक्षरं वेडीवाकडी, शेवटच्या 'म'ला उगाच लांबलचक शेपूट. रंगूबाईला अक्षरओळख नव्हती, पण तेवढा एक शब्द ती ओळखायची. खोकं कार्यक्रमाला निघालं की त्याच्यावर हात ठेवायची.

आता तिच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही, तेव्हाच जयराम समजला. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "दिवाळीपत्तुर सगळं काळं व्हईल म्हनत्यात. त्याआधी गोटूचं नाव एकदा दिसंल का रं?"

जयरामने आठ दिवसांची रजा टाकली.

स्पीकरचं काही खरं नव्हतं. आतला कागद उंदरांनी कुरतडला होता, पुढचं कापड रंग पिऊन पापडासारखं कडक झालं होतं. शेजारचा सावळीराम वायरमन बघून म्हणाला, "दादा, बंबात घाल." जयरामने ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं. त्याला आवाज नको होता, फक्त ती फळी हवी होती. त्याने फळी उतरवली, अंगणात आडवी घातली आणि थिनरचा बोळा व लांबी, म्हणजे लाकडाच्या भेगा बुजवायचं लुकण, भरायची पत्री घेऊन बसला.

वरचे हात भराभर निघाले. मंडळाच्या पोरांनी रंगवलेलं ते. धूळही पुसली नव्हती. एका थरात ब्रशचे केस, दुसऱ्यात चिकटलेला डास, तिसरा तर ओल्यावरच मारलेला. एरवी असं काम बघून जयरामचं डोकं फिरलं असतं. आता तो खूश होता. इतकी आळशी पोरं खालचं नाव कशाला घासतायत? त्यांच्या कामचुकारपणानेच भाऊ राखला असं त्याला वाटलं. दर थराला आई दारातून विचारायची, "लागलं का?" तो म्हणायचा, "लागंल. खाली हाय ते."

दहा हात निघाले. अकरावा निघेना. थिनरला दाद देईना, पत्री नुसती सरकायची. दोन दिवस तो एका वितीवर बसून होता. निळ्याखाली करडा लागला, करड्याखाली रेडऑक्साइडचं तांबडं अस्तर, त्याखाली लाकडाच्या रेघारेघांत भरलेली लांबी, काचेसारखी सपाट. जयरामने तिच्यावरून तळवा फिरवला. काम एक नंबर होतं. कुणी केलं असावं, असं त्याच्या मनात आलं, आणि तळवा तिथेच थांबला. वस्तीत असं काम करणारा दुसरा होता कोण?

त्र्याहत्तरची जयंती. भाऊ जाऊन चार महिने झाले होते. जयराम कामावर जात नव्हता, बोलत नव्हता. याला कशात तरी गुंतवावं म्हणून मंडळींनी विहार रंगवायला दिला होता. तीन दिवस त्याने दिसेल ते रंगवलं. त्यातलं एकही बाकडं किंवा दार त्याला आठवत नव्हतं. शोकात माणसं जेवायची विसरतात, अंघोळीची विसरतात. जयराम घासायचं विसरला नव्हता.

तरीही त्याने लांबी उकरली. कोऱ्या लाकडापर्यंत गेला. रेघेत कुठे पांढरा कण मुरला असेल म्हणून फळी उन्हाकडे तिरकी धरून बघितली. काही नव्हतं.

घरात पांढऱ्या रंगाचा डबा होता. शेपटीचा 'म' त्याला डोळे मिटून काढता आला असता, आणि आईच्या नजरेला फरक कळला नसता. त्याने डबा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत होता तिथे ठेवून दिला.

"आई," तो उंबऱ्याशी बसून म्हणाला, "नाव नाय राह्यलं."

"पोरांनी खरवडलं?"

"नाय. पयला हात माझा हुता."

रंगूबाईने चेहरा त्याच्या आवाजाकडे वळवला. "तू घासलं हुतं?"

"हो."

तिने चाचपडत त्याचा खांदा शोधून त्यावर हात ठेवला.

"मंग नको शोधू, बाबा. तू घासल्यावर मागं काय उरतंय?"

तिच्या बोलण्यात कुठे बोल लावणं नव्हतं. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर जयरामला सोसलं असतं. ती भिंतीच्या आधाराने उठली आणि चुलीकडे गेली. तो उंबऱ्यावरच बसून राहिला.