आबांची एमजी, नानांची ट्रायम्फ

आमच्या घरात दोघे भाऊ शेतीच्या बांधावरून कधी भांडले नाहीत. भांडले ते दोन इंग्रजी मोटारींवरून. माझे वडील म्हणजे आबा, त्यांची लाल एमजी. काका म्हणजे नाना, त्यांची हिरवी ट्रायम्फ. केळीला चांगला भाव मिळाला त्या वर्षांत दोघांनी त्या मुंबईहून जुन्याच आणल्या होत्या. दोनच माणसांच्या, उघड्या टपाच्या. रावेरच्या धुळीत असली गाडी पाळायची म्हणजे हौसेला मोल नाही, दुसरं काय.

आबांची गाडी चालायची कमी आणि पुसली जायची जास्त. पुसायचं काम माझं. खोळ काढा, फडकं मारा, चाकांच्या तारांत बोटं घाला, परत खोळ घाला. नाना मात्र ट्रायम्फ थेट बागेत न्यायचे आणि येताना शेजारच्या सीटवर केळीचा घड टाकून आणायचे.

"त्याच्या गाडीत ट्रॅक्टरचं इंजिन हाये," आबा ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे.

"म्हनून तं चालते," नाना म्हणायचे. "तुमची देव्हाऱ्यात ठेवा."

मी दोन्हींत शेजारी बसून फिरले होते. आबांची वळणावर लोण्यासारखी जायची, पण पालच्या घाटात तिला धाप लागायची. नानांची खड्ड्यात कंबर मोडायची, पण तोच घाट हसत चढायची. चौदा वर्षांची असताना मी ओट्यावर बोलून गेले, "बघायला आबांची, चालवायला नानांची."

आबांनी कित्येक दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मला गाडी शिकवायचं कबूल केलं होतं, तेही मोडलं. "पोरीच्या जातीले मोटार काय करायची?" म्हणाले. फडकं मात्र माझ्याच हातात ठेवलं.

लग्न होऊन मी धुळ्याला गेले. पहिलाच धोंड्याचा महिना आला आणि जावयाला वाण द्यायला आम्हाला माहेरी बोलावलं. आईने तबकात अनारसे रचले. आबांनी त्यांवर एमजीची किल्ली ठेवली. मी बघतच राहिले. ज्या गाडीच्या स्टिअरिंगला मला कधी हात लावू दिला नाही, ती त्यांनी स्कूटरवाल्या जावयाच्या हाती दिली. त्याने फाटकातच गिअर असा करकरवला की माझे दात शिवशिवले. आबा कौतुकाने हसले. नानांनीही मग आपली किल्ली फिरवून बघायला दिली.

दोन्ही फिरवून आल्यावर नवरा हात पुसत म्हणाला, "दिसायला तुमची देखणी आहे आबा, पण चालवायला काकांचीच."

मला वाटलं, आता आबा उठून जातील. आबांनी मान डोलावली. "बरोबर बोलले पाव्हने. पारख हाये तुम्हाले."

माझं डोकं भडकलं. सासरचं माणूस समोर आहे, हे मी पाहिलं नाही. "आबा, हेच मी बोलले होते तेव्हा तुम्ही माझ्याशी अबोला धरला."

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. लहान पोराची समजूत घालावी तसं म्हणाले, "पन बाई, त्याहिनं सोता चालवून पाह्यली. तू कुठी चालवली होती?"