माझ्यामागची दहा पावलं

ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक आहे—मला आणि माझ्या बायकोला, शोभाला. शोभा त्या गोष्टीबद्दल एकदाच बोलली. मी एकदाही नाही. कोणापाशी बोलायला बसलो की घसा खाकरायचा, पाणी मागायचं आणि विषय हळूच दुसरीकडे न्यायचा, यात मी पटाईत आहे. आज आधीच पाणी पिऊन बसलोय.

मी अमरावतीचा. राजापेठेत बावीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या. पोरं घाबरायची मला. उत्तर बरोबर असलं आणि मधली एक पायरी गाळली असली, तरी मी मार्क कापायचो. पायरी गाळणं म्हणजे फसवणं, असं म्हणायचो. मोठ्या आवाजात म्हणायचो—

असो. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि शेवटी समोर फळ्याचा एक तुकडा तेवढा उरला. एक दिवस मी आधीच्या गणितावरच दुसरं गणित लिहून मोकळा झालो. वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, नाही का? वर्षभरात वर्ग रिकामा झाला. रस्त्यात 'नमस्कार सर' म्हणणारे आवाजही कमी झाले. ते लोक गप्प राहून बाजूने जातात हे मला कळायचं. चपलांचे आवाज ओळखू येतात हो.

मग मला तो ग्रुप सापडला. मोबाईलवरचा, आम्हा न दिसणाऱ्यांचा. साठ-सत्तर माणसं, बहुतेक वऱ्हाडातली—अकोला, वाशीम, मूर्तिजापूर, परतवाडा. ग्रुपचं नाव 'चालते व्हा'. कोणाच्या तिरकस डोक्यातून निघालं कोण जाणे, पण आम्हाला भारी आवडायचं. सगळा कारभार आवाजाचा. रोज सकाळी आठ ते नऊ हजेरी. हजेरी म्हणजे काल आपण एकट्याने काय केलं ते आपल्या आवाजात सांगायचं. कोणी चहा केलेला असायचा, कोणी एकटं न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आलेलं असायचं. मूर्तिजापूरच्या एका आजोबांनी सुईत दोरा ओवला तेव्हा आम्ही दिवसभर त्यांचं कौतुक करत होतो. नियम एकच होता. कोणाचा हात धरला असेल तर तेही सांगायचं. त्यात लाज नाही, असं प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई.

हा नियम मला माहीत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. नव्या लोकांना तो समजावून सांगायचं काम पुढे माझ्याकडेच आलं.

मैना आमच्याकडे आली ती याच ग्रुपमधल्या ओळखींमुळे. मैना म्हणजे माझी कुत्री, आंधळ्याला रस्ता दाखवायला शिकवलेली. आपल्याकडे असा कुत्रा मिळणं म्हणजे लॉटरी. तिच्याबरोबर शिकवणारे गृहस्थ आले, पंधरा दिवस राहिले. तिच्या पाठीवरच्या पट्ट्याची दांडी धरून मी घरापासून राजापेठ चौक ओलांडून भाजीबाजारापर्यंत जायला शिकलो. मैना हुशार होती. खड्डा आला की थांबायची, उभी गाडी आली की वळसा घ्यायची. मला वाटलं, झालं, जिंकलो.

ते गृहस्थ परत गेले आणि दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच एकटा निघालो, तर घरासमोरच गल्लीतली कुत्री तिच्यावर धावून आली. चार-पाच तरी असतील. मैना खालीच बसली, थरथरायला लागली. मी दांडी ओढतोय, ती उठेना, माझ्या पायांत सगळीकडून केसाळ अंगं—मी एका उभ्या स्कूटरवर आडवा झालो. गुडघे सोलले. लोकांनी उचललं. पण गुडघ्यांचं सोडा. मी भ्यालो. इतका भ्यालो की दुसऱ्या दिवशी चप्पल पायात घालून पलंगावरच बसून राहिलो.

शोभाने कोपऱ्यातली काठी घेतली आणि म्हणाली, "चला. मी मांगून येते."

तेव्हापासून असंच. पुढे मैना, तिच्याबरोबर मी, आणि आमच्या मागे दहा पावलांवर काठी घेतलेली शोभा. गल्लीतली कुत्री आली की ती त्यांना हाकलायची. चौकात मैना घुटमळली की शोभा जिभेने चक् असा आवाज करायची आणि मैना पाऊल टाकायची. मैना मला नेत होती, की शोभा मैनेला नेत होती? गणिताच्या मास्तराला हे सोडवायला कितीसा वेळ लागला असता? मी ते सोडवलंच नाही.

दहा पावलं का? तर ती जवळ आली की मला राग यायचा. लोक काय म्हणतील, बायको सोबत लागते मास्तरला. मीच तिला अंतर ठेवायला सांगितलं होतं. हेही लिहून ठेवतो.

त्यानंतरच्या पहिल्या हजेरीला मी म्हणालो, "काल मी आणि मैना चौक ओलांडून भाजीबाजारात जाऊन आलो." वाक्य खोटं नव्हतं. नुसती एक पायरी गाळली होती. धडाधड आवाज आले. वा सर, कमाल सर, सर तुमच्यामुळे आम्हाला बळ येतं. सर! किती दिवसांनी तो शब्द तशा आवाजात ऐकला. दुसऱ्या दिवशी मीच 'एकट्याने' हा शब्द घातला. कोणी विचारलं नव्हतं, तरी घातला.

शोभा तिथेच लसूण सोलत बसली होती. मी फोन खाली ठेवल्यावर म्हणाली, "तुमी एकटे गेले होते काय? मंग मी कोनाच्या मांगं चालून राहिली होती?"

हसतच म्हणाली. मीही हसलो. विषय तिथे संपला, आणि ती पुन्हा कधी काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

पुढे मी चौक कसा ओलांडावा यावर चार मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून टाकलं. रिक्षाचा आवाज कसा ओळखायचा, भीती वाटली तर श्वास कसा मोजायचा. छान बोललो होतो. अजूनही लोक ते ऐकतात.

आता नजमाबद्दल सांगायला हवं. इतका वेळ इकडेतिकडे फिरतोय तो त्यासाठीच.

नजमा अकोल्याची, जुन्या शहरात राहणारी. विशीत तापाने दृष्टी गेली. मोठा भाऊ, वहिनी, त्यांची मुलं असं घर. भावाचा फळांचा व्यवसाय, संत्री-केळी. पहाटेच तो मंडीत जायचा. नजमा आता तिशी ओलांडलेली, जिभेने तिखट. माझ्या मैनेवरून मला चिडवायची, म्हणायची, आमच्या घरात कुत्रं चालत नाही, म्हणून माझी काठीच माझी मैना. तिला एका दुकानात फोनवर ऑर्डर घेण्याचं काम मिळत होतं. घरापासून वीस मिनिटं चालत. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला काम देत होतं. अट इतकीच, की रोज वेळेवर आपापलं यायचं.

भाऊ नाही म्हणत नव्हता. वाईट माणूस नव्हता तो. तो म्हणत होता, महिनाभर मंडीतून थोडा लवकर येतो आणि तुझ्या मागे मागे चालतो. तुला रस्ता पाठ झाला की थांबतो. नजमाला ते अपमानाचं वाटत होतं. सर एकटे जातात तर मी का नाही, असं तिचं म्हणणं. त्यावर भाऊ म्हणाला, तुझ्या त्या सरांच्या मागेही कोणी ना कोणी असणारच.

तेव्हा तिने मला फोन केला. दुपारची वेळ. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"सर, एक गोष्ट खरी खरी सांगा. तुमच्या मांगं कोनी राह्यते काय? भाई म्हनते, असनच. तुमी सांगसान ते तो मानते. फोन स्पीकरवर हाये."

म्हणजे भाऊही ऐकत होता. आणि माझ्या शेजारी शोभा होती. तिच्या हातातली भाजी निवडण्याची खसखस थांबली, ते मला ऐकू आलं.

मला एवढंच म्हणायचं होतं—हो, बायको असते. तीन शब्द. त्यांनी काय झालं असतं? नजमा थोडी हिरमुसली असती, मला दोन चिमटे काढले असते, आणि तिचा भाऊ महिनाभर तिच्या मागे चालला असता. माझं फार तर 'सर'पण जरा कमी झालं असतं. तेही झालं असतं की नाही कोण जाणे, ती माणसं चांगली होती.

मी म्हणालो, "कोणी नसतं. मी आणि मैना. बस."

पलीकडे नजमा खूष होऊन हसली. भावाला म्हणाली, "सुनलं?" शोभा उठून आत गेली.

पहिल्या दिवशी नजमा एकटी गेली आणि हजेरीत तिचा आवाज असा नाचत होता की ग्रुपमधल्या लोकांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला. दुसरा दिवस, तिसरा, चौथा. पाचव्या दिवशी नळासाठी कोणीतरी रस्ता खणून ठेवला होता. आदल्या संध्याकाळी तो खड्डा तिथे नव्हता. तिची काठी पोचायच्या आधी पाय पोचला. खुब्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं. मागे कोणी असतं तर एक हाक पुरली असती. एकच हाक.

ग्रुप हादरला. सगळे मला विचारायला लागले, सर, काय चुकलं असेल? माझ्याकडे दुसरी संधी होती. देव, अल्ला, जे कोणी असेल त्याने दिलेली. मी घसा खाकरला आणि समजूतदार आवाजात म्हणालो, "सरावाची थोडी घाई झाली असावी. आत्मविश्वास चांगला, पण अतिआत्मविश्वास नको." तो आवाज अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी पुसलेला नाही.

दवाखान्यातून नजमाचं उत्तर आलं. थकलेला आवाज. "बरोबर हाये सर. मीच कच्ची निंघाली."

त्यावर मी काय केलं? तिला 'लवकर बरी हो' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाने मैनेला पट्टा घातला, दांडी माझ्या हातात दिली आणि स्वतः पायरीवर बसली. म्हणाली, "आज तुमी जा एकटे." आवाजात राग नव्हता. मी फाटकापर्यंत गेलो. फाटकाची कडी धरून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मैना माझ्या पायाला नाक लावून वाट बघत होती. मग मी वळलो, घरात आलो, आणि हजेरीत सांगितलं की मैनेची तब्येत बरी नाही. मुक्या जनावराच्या नावावर तेवढंही ढकललं. आठवडाभर मी बाहेर पडलो नाही. मग एक दिवस शोभाने काठी उचलली आणि आमचं पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं.

नजमाचं ते काम गेलं. हाड जुळलं, पण पाय आखूड पडला. आता ती अंगणाबाहेर पडत नाही. भाऊ काही म्हणत नाही, तीच जात नाही. ती ग्रुपमध्ये आहे अजून, पण हजेरी देत नाही, दुसऱ्यांची ऐकते. याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी तिच्याशी कितीदा बोललो असेन? ईदला बोलतो, दिवाळीला बोलतो. ती शोभाची विचारपूस करते, मैनेची करते. दर वेळी ते तीन शब्द माझ्या तोंडात असतात आणि दर वेळी मी ते गिळतो.

आज हे का सांगतोय? पश्चात्ताप झाला म्हणून, असं सांगितलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही. मागच्या आठवड्यात ग्रुपमध्ये अचलपूरचा एक नवा माणूस आला. एसटीत कंडक्टर होता, नजर गेली म्हणून घरी बसलाय. घराबाहेर पडायला भितो, असं त्याने मोकळेपणाने सांगितलं. त्याला कोणीतरी माझं ते चौक ओलांडण्याचं चार मिनिटांचं बोलणं पाठवलं. सोबत आपल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "हे ऐका भाऊ. सर खरंच एकटे जातात. मी विचारून घेतलं होतं."

ती नजमा होती.

मी ते ऐकलं आणि फोन उपडा करून ठेवला. हे सगळं मी फोनमध्ये बोलून लिहून घेतलंय आणि ते आधी ग्रुपमध्येच जाणार आहे, माझ्या आवाजात, माझ्या नावाने. कोणी मला काही म्हणावं किंवा म्हणू नये, अशी माझी काही मागणी नाही. फक्त एक गाळलेली पायरी जागेवर लिहितो.

नजमा कच्ची नव्हती. ती चार दिवस एकटी चालली. मी आजवर एकही दिवस चाललेलो नाही.