वस्तादांचं एकच औषध

तालमीचा हौदा उकरला की मातीतनं काहीबाही निघतंच. कुणाचा ताईत, कुणाचा दात! आमचे किस्सेही तसेच साठलेत. म्हातारपणी उकरत बसायचं, दुसरं काय.

आमच्या गुंडाप्पा वस्तादांकडं सगळ्यावर एकच औषध, बैठका! त्यांचा एकुलता एक लेक इराप्पा आमच्यातला सगळ्यात भारी पैलवान, पण कुस्तीआधी पांढराफटक पडायचा. एकदा खुद्द महाराज कुस्त्या बघायला बसलेले, आणि ह्याचे हात गार, तोंडाला कोरड.

"अप्पा, छाती फुटतीया."

"फुटू दे! रगात तोंडावरनं निघून मांड्यांत चाललंय, कामाला. मार बैठका!"

इराप्पानं बैठका मारून अंग तापवलं आणि हां हां म्हणता समोरच्याला अस्मान दाखवलं!

*

मी नवा होतो. बैठका संपवून ऐटीत उभा राहिलो आणि धाडकन आडवा! डोळे उघडले तर माझे पाय वस्तादांच्या खांद्यावर.

"रगात पायात उतरतंय, गाढवा. एकदम थांबायचं न्हाय, चालत ऱ्हायचं."

तेव्हापासून माझं नाव 'ओंडका'. ते अजून पुसलेलं नाही.

*

आमच्यातल्याच दस्तगीरनं एकदा मोडक्या करंगळीनं अख्खी कुस्ती मारली. नंतर फेटा बांधताना बोट वाकडं दिसलं आणि मग गडी बोंबलला!

"आरं, मघाशी दुखलं न्हाय व्हय?"

"लढताना कुणाला कळतंय! थांबलं की कळतंय!"

झालं! तालमीत जो तो तेच म्हणायला लागला. भाकरी किती खाल्ली? थांबलं की कळतंय!

*

मग प्लेग आला. इराप्पाच्या काखेत गाठ उठली. त्याला गावाबाहेरच्या झोपड्यांत नेलं आणि वस्तादांना काही आत सोडेनात. ते तालमीत येऊन बसायचे. बसल्या जागी घामानं निथळायचे, हात गार, छातीची धडधड अंगरख्यावरनं दिसायची. लई वाईट दिवस होते ते.

एका सकाळी दस्तगीर झोपड्यांकडनं आला आणि दारातच उभा राहिला.

"गेला?" वस्तादांनी विचारलं.

दस्तगीर रडायलाच लागला.

वस्ताद उठले, लंगोट कसला आणि बैठका मारायला लागले. आम्हीही त्यांच्यामागं सुरू झालो. ऊन वर आलं, पायांत गोळे आले, एकेक जण बसत गेला. शेवटी वस्ताद एकटेच. म्हाताऱ्याचं काळीज बंद पडंल म्हणून दस्तगीरनं त्यांचे खांदे धरले.

"वस्ताद, बास की! थांबा आता."

"नगं रं," पुढच्या बैठकीला खाली जाता जाता वस्ताद म्हणाले, "थांबलं की कळतंय."