अण्णांना कुणी ओलांडत नाही

नाशिकची थंडी एसटीच्या बंद न होणाऱ्या खिडकीतूनच ओळखीची झाली. सिन्नर सोडल्यापासून मी शाल डोक्यावरून घेऊन कुडकुडत बसले होते. सीबीएस स्टँडवर उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं, आणि फलाटावर भाजीच्या आणि झेंडूच्या पाट्या उतरवणाऱ्या बायका एकमेकींवर खेकसत होत्या. रिक्षावाल्याने गंगापूर रोडचे जे पैसे सांगितले त्यावरून आमचा वाद झाला. तो मी हरले. थोडक्यात, माझा आठवडा सुरू झाला तोच चिडचिडीत.

मी कराडला बँकेत नोकरी करते आणि हौसेने पळते. चाळिशीनंतर हे खूळ लागलं. ते दोन हजार सालानंतरचे दिवस होते, आपल्याकडे साध्या माणसांनी मॅरेथॉन पळायला तेव्हा कुठे सुरुवात झाली होती. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन मी एकदा रडतखडत पार केली होती. या वेळी माझी धाकटी बहीण वैशाली पहिल्यांदाच उतरणार होती. शाळेत असताना ती माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळायची. लग्नानंतर सगळं सुटलं आणि आता दोन वर्षांपासून पुन्हा सुरू झालं होतं. नंबर वगैरे तिला नको होता. “मला फक्त ती शेवटची रेघ चालत न ओलांडता पळत ओलांडायचीय, ताई,” असं ती फोनवर म्हणाली होती. शर्यत महिन्यावर आली होती, म्हणून मी रजा टाकून तिच्याबरोबर सरावाला आले होते.

तिच्या गटाचे मुख्य म्हणजे तिचे सासरे, अण्णा. अंबडच्या एका कारखान्यात ते फोरमन होते. नव्वद सालच्या सुमाराला डॉक्टरांनी घाबरवलं म्हणून एकटे पळायला लागले, मग शेजारी आले, मग कारखान्यातली मुलं आली, आणि बघता बघता पंधरा-वीस जणांची मंडळी जमली. माणूस भला. मी पोचले तेव्हा स्वतः चहा करून दिला आणि माझे बूट हातात घेऊन तळवे कुठे झिजलेत ते पाहून माझी टाच कशी पडते ते बरोबर सांगितलं. मला ते आवडले, हे आधीच सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. गंगापूर रोडला तेव्हा इतक्या इमारती नव्हत्या. आनंदवल्ली सोडली की मळे सुरू व्हायचे, कोथिंबिरीचा ओला वास यायचा आणि सायकलीवर दुधाचे कॅन लटकवलेले गवळी समोरून यायचे. अण्णा पुढे, त्यांच्या मागे मंडळी, आणि मंडळींच्याही मागे, अंगाला ओढणी पिनांनी टाचून घेतलेली वैशाली. अण्णांचा वेग साठीच्या माणसाला शोभेल असा होता. मला तो कमी पडत होता. मी बाजूने निघाले, त्यांना हात केला आणि पुढे गेले. सोमेश्वरपर्यंत मजेत पळाले. वळून पाहते तर मागे कुणी नाही. दहा मिनिटं मी देवळाच्या रस्त्यावर एकटी उभी राहिले, एक कुत्रं माझ्याकडे संशयाने बघत राहिलं, आणि मग सगळी पलटण आली ती तशीच, त्याच क्रमाने. माझ्याकडे सगळे असे पाहत होते जणू मी पंगतीत वाढायच्या आधीच जेवायला लागले होते.

खुलासा सलीमने केला. हा अंबडला मशीनवर काम करणारा पंचविशीतला पोरगा. रात्रपाळी संपवून थेट सायकलने पळायला यायचा. बारीक, लांब पायांचा. त्याच्याकडे पाहूनच कळत होतं की हा पोरगा वाऱ्यासारखा पळत असणार.

“ताई, अण्णांना कोणी ओव्हरटेक नाय करत,” तो हळूच म्हणाला.

कुणी सांगितलं असं, मी विचारलं. तर कुणीच नाही. नियम नाही, सूचना नाही. पहिल्यापासून असंच आहे. अण्णांनी सगळ्यांना पळायला शिकवलं, मग त्यांना मागे टाकून जायचं कसं? बरं, अण्णा दरवर्षी थोडे हळू होत होते, त्यामुळे सगळी मंडळीही दरवर्षी थोडी हळू होत होती. मग शर्यतीच्या दिवशी काय होतं, मी विचारलं. सलीम ओशाळून हसला. शर्यतीत अर्ध्या वाटेवर सगळ्यांचे पाय बोलतात, म्हणाला, आणि परत आल्यावर सगळे म्हणतात की या वर्षी ऊन जास्त होतं.

मी हतबुद्ध झाले. वीस धडधाकट माणसं आदरापोटी वर्षानुवर्षं पाय आखडून पळतात आणि दोष उन्हाला देतात!

पळणं संपलं की गंगापूर रोडवरच्या एका टपरीवर मिसळ. नाशिकची मिसळ आमच्याकडच्यापेक्षा वेगळी. रस्सा काळपट, सोबत भाजलेला पापड आणि दह्याची वाटी. चव सुरेख. पण तिथेही अण्णांनी पाव मोडल्याशिवाय कुणी चमचा उचलत नव्हतं. मी उचलला. वैशालीने टेबलाखालून माझा पाय दाबला.

घरी आल्यावर मी तिला धारेवर धरलं. तिचा ‘लाँग’ (पळणाऱ्यांच्या भाषेत रविवारचं लांब पळणं) किती होतो, हे मला जाणून घ्यायचं होतं. तर अण्णा गंगापूर गावाच्या पुढे एका चहाच्या दुकानापर्यंत जातात, तिथे पाणी पितात आणि वळतात. सगळे वळतात. त्यापुढे वैशाली आयुष्यात कधी पळालीच नव्हती. म्हणजे मुंबईला जे अंतर पळायचं, त्याच्या अर्ध्यावर तिची ओळखच संपत होती. शर्यतीआधी निदान एकदा तरी त्याच रस्त्यावर पुढे असलेल्या गिरणारे गावापर्यंत जाऊन परत येणं भाग होतं, नाहीतर मुंबईत ती कुठल्यातरी पुलावर बसून रडणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

“मग जा ना पुढे,” मी म्हटलं.

“कशी जाऊ? हा रस्ता ओळखीचा आहे, ताई. भाजीवाल्या, दूधवाले, शेजारी, सगळे बघतात. सून सासऱ्याला मागे टाकून पळते असं दिसेल ते.”

“दिसू दे.”

“तू चार दिवसांनी कराडला जाशील.”

मी चार दिवसांनी जाणारच होते, आणि त्याचा मला जास्तच राग आला. त्या संध्याकाळी मी अण्णांकडे विषय काढला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, मी आजवर कुणाला अडवलंय का? ते खरंच होतं, आणि तीच तर गोम होती. कुणी मनाई केली असती तर मी कडाकडा भांडले असते. इथे कुणी अडवतच नव्हतं आणि तरी एकही जण पुढे जात नव्हता. अण्णांना हे सगळं दिसत नव्हतं असंही नाही. वीस माणसं आपल्या मागून येतात, हे कुणाला आवडणार नाही?

रविवार उजाडला. धुकं होतं. चहाच्या दुकानापाशी सगळे थांबले, अण्णा पाणी प्यायले, मग बाकीचे प्यायले. अण्णा वळले. मंडळी वळली. वैशाली हातात ग्लास धरून उभी होती. ती रस्त्याकडे बघत होती, गिरणाऱ्याच्या बाजूला. मग तीही वळायला लागली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“अण्णा, वैशाली गिरणाऱ्यापर्यंत जाणार आहे,” मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं.

अण्णांनी टोपी काढली, परत घातली. जाऊ दे की, म्हणाले. वैशाली पुटपुटली की नको, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी काही होणार नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी तिच्या हातातला ग्लास काढून घेतला. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. रागाने, मला वाटतं. मग तिने ओढणीच्या पिना काढल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि निघाली.

मी तिच्याबरोबर निघाले खरी, पण दुगावच्या अलीकडेच माझ्या गुडघ्याने संप पुकारला. तिला म्हटलं, तू जा. ती गेलीच होती. मी लंगडत एका द्राक्षबागेच्या कडेला जाऊन बसले. बागेत ‘डिपिंग’ (द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) चाललं होतं. हातात औषधाचे मग घेऊन बायका एकेक घड बुडवत सरकत होत्या. त्यातल्या एका वयस्कर बाईने मला पाणी दिलं आणि भाकरी-ठेचाही पुढे केला.

“ती लाल वढणीवाली तुमचीच का?” तिने विचारलं.

बहीण, मी म्हटलं.

“लय जोरात गेली. कोनी मागं लागलं हाय का?”

कोणी नाही, उलट आजच तिच्या पुढे कोणी नाही, असं मी सांगितलं. बाईने मान हलवली, आणि मला ऊन लागलंय असा निष्कर्ष काढून अजून पाणी दिलं.

मग नाशिककडे जाणारी काळी-पिवळी जीप मिळाली. कांद्याच्या गोणीवर अर्धी बसून मी टपरीपाशी उतरले. ऊन चांगलं वर आलं होतं. बघते तर सगळी मंडळी तिथेच, कारण अण्णा घरी गेले नव्हते. कुणी मिसळ खाल्ली नव्हती, कारण अण्णांनी खाल्ली नव्हती. रात्रपाळीचा सलीम बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता. पोरीने एक दिवस स्वतःच्या पायांनी पळायचं ठरवलं तर इथे उपास धरून बसले होते! मी अण्णांना सुनवायला दोन वाक्यं मनात जुळवून ठेवली.

वैशाली आली तेव्हा तिचा चेहरा घामाच्या मिठाने पांढरा झाला होता, पण ती पळत होती, शेवटच्या पावलापर्यंत पळत. टपरीपाशी थांबली, आणि थांबल्या थांबल्या तिने काय केलं? अण्णांच्या पाया पडायला वाकली. मला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

वाकली आणि ओरडली. पोटरीत गोळा आला होता. ती तशीच रस्त्यावर बसली, डोळ्यांतून पाणी. मी लंगडत पुढे होईपर्यंत अण्णा खाली बसले होते. डांबरावर मांडी घालून. त्यांनी तिचा बूट काढला, मोजा काढला, तिची टाच आपल्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी तिचा चवडा मागे दाबून धरला. “अण्णा, नको, पाय नका धरू,” वैशाली म्हणत होती आणि पाय ओढून घेत होती. त्यांनी सोडला नाही. “गप बस, गोळा सुटू दे,” म्हणाले. थोड्या वेळाने, पायाकडेच बघत, त्यांनी विचारलं, “पुढचा रस्ता कसा आहे?”

“दुगावनंतर चढ आहे,” ती म्हणाली. “पण जमतो.”

मी जुळवलेली वाक्यं गिळली. मग मंडळींकडे पाहिलं. सलीम सोडून सगळ्यांनी तोंडं फिरवली होती. कुणी बुटाची नाडी बांधत होतं, कुणी जाणाऱ्या टेम्पोकडे बघत होतं, टपरीवाला उगाच रस्सा ढवळत होता.

वैशालीने महिन्याने मुंबईची शर्यत पूर्ण केली, पळत. ते मला फोनवर कळलं. पण त्या रविवारनंतर कराडला परतताना एसटीत, संगमनेर येईपर्यंत, माझ्या डोळ्यांसमोर ती फिरवलेली तोंडंच होती, आणि माझा राग काही केल्या उतरत नव्हता. सासऱ्याने सुनेचा पाय हातात घेतला, याची त्या सगळ्यांना लाज वाटली. दोन वर्षं ती सगळ्यांच्या मागून पाय आखडून पळत होती, तेव्हा मात्र एकालाही वाटली नव्हती.