उस्मानपुरा ते वैजापूर, अडकित्ता न थांबता

"माझं शेताकडं जाणं संपलं," असं अण्णांनी जेवताना, वरण वाढून घेता घेता जाहीर केलं, आणि मी गाडी दुरुस्त करायचं ठरवलं. या प्रवासाची सुरुवात इथून आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. वैजापूरच्या थोडं पुढे आमचं शेत आहे. मणक्याच्या ऑपरेशननंतर ते माझ्याकडे उस्मानपुऱ्यात राहायला आले आणि सोबत त्यांची चौदा वर्षांची सेडान आली. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं, फक्त दणके बसायला नकोत. डॉक्टर बहुधा आमच्या भागात नवीन असावेत.

आता माझी चूक. गाडी वळणावर एका अंगाला झुकायची, ट्रक शेजारून गेला की डुलायची. ऑफिसातल्या एका हौशी सहकाऱ्याचं ऐकून मी तिला कडक, बुटक्या स्प्रिंगा आणि मोठ्या रिमचे चपटे टायर बसवले. वळणं फार सुरेख घ्यायला लागली. मग अण्णांना घेऊन शेताकडे निघाले.

अण्णा मागे बसतात, कारण पुढे बसलं की माझं ड्रायव्हिंग दिसतं. मागे बसून ते अडकित्त्यानं सुपारी कातरतात. कट्, कट्. दणके बसले की हात थांबतो, त्यामुळे गाडी कशी चालली आहे हे मला आवाजावरून कळतं. त्या दिवशी आवाज पडेगावलाच थांबला. लासूर स्टेशनला अण्णा उतरले, चहा घेतला आणि परतीच्या एसटीत जाऊन बसले. मी अख्खा रस्ता त्या एसटीच्या मागे गाडी चालवत घरी आले. रडले, हेही सांगून टाकते. त्यानंतर ते वरणाच्या वेळचं वाक्य.

चिकलठाण्याला एक चाचा आहेत, जुन्या गाड्यांचं काम करतात. त्यांनी एक चक्कर मारली आणि खाली वाकून बघण्याआधी डिकी उघडली. आत ज्वारीची दोन पोती. "ये क्या?" मी सांगितलं, अण्णा म्हणतात डिकीत वजन असलं की गाडी बसून चालते, उडत नाही. आमच्याकडे निम्मे लोक असंच करतात.

"बैठको नै चल री, लेट गई बिचारी," चाचा म्हणाले. "और तुम उसकू कडक करने निकले. पहले जो घिस गया उसकू तो बदलो."

जुनी गाडी असणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. चाचांनी कंपनीच्या मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा बसवल्या. चारही शॉकअप नवे, तेही मूळ मापाचे. चाकांना धरून ठेवणारी खालची रबरी बुशं पार चिरलेली होती, ती बदलली. गाडी झुकू नये म्हणून खाली एक आडवा दांडा असतो, त्याची रबरं निघून गेली होती आणि दांडा नुसताच सोबत फिरत होता. टायर परत मूळ मापाचे, पण चांगले. शेवटी अलाइनमेंट. हवा दारावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी, पंपावरचा माणूस मनानं भरतो तेवढी नाही. दोन दिवस लागले. खर्च एखाद्या बऱ्या मोबाईलइतका आला, आणि चपट्या टायरांचे पैसे मी अक्कलखाती टाकले.

रविवारी सकाळी सातला खाली आले तर वॉचमन एक पोतं घेऊन डिकीपाशी उभा.

"एकच हाय," अण्णा म्हणाले.

"एकही नाही, अण्णा."

"बरं. मीच एक पोतं हाय म्हण." आणि बसले.

समृद्धी महामार्गावरून लवकर पोचता येतं, पण तिथं थांबून कुणाशी बोलता येत नाही असं अण्णांचं मत, म्हणून जुनाच रस्ता. नगर नाका गेला, पडेगाव गेलं, मागे कट्, कट् चालूच. दौलताबादचा किल्ला मी बघितला नाही, कान मागे होते. लासूरला मुद्दाम त्याच हॉटेलात थांबलो. भजी गरम मिळतात, चहा फार गोड असतो, कमी साखरेचा आधीच सांगा. हॉटेलवाल्यानं अण्णांना ओळखलं.

"बाबा, एसटी आत्ताच गेली की!"

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "आज गाडीनं."

लासूरच्या पुढे एका वळणावर अचानक मेंढरं. अख्खा कळप रस्त्यावर. मी ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. पूर्वी ती अशा वेळी आधी झुकायची आणि मग कुठं जायचं ते ठरवायची. आता वळवली तिकडे गेली आणि उभी राहिली. धनगर काठी घेऊन पुढे आला.

"हळू घ्या की ताई, जनावरं हायत."

"ती हळूच व्हती," अण्णा मागून म्हणाले. "गाडीला आता वळण लागलंय."

वैजापूरनंतर शेतापर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा आहे. तिथं आवाज दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा पुन्हा सुरू झाला. खड्ड्यांचं काही गाडीच्या हातात नसतं.

आमचं शेत वाट्यानं करणारा कैलास बांधावर उभा होता. "अण्णा, लई दिवसांनी!" कांदा लावून झाला होता. अण्णा काठी टेकत वाफ्यावाफ्यानं हिंडले, कैलासला दोन चुका दाखवल्या आणि खूश झाले. कैलासच्या बायकोनं बाजरीची भाकरी आणि ठेचा दिला. मग लिंबाखाली बसून अण्णांनी कैलासला सुपारी कातरून दिली.

परतीला निघालो आणि मागे आवाज नाही. खड्ड्यांचा रस्ता संपला तरी नाही. अण्णा बरोबर माझ्या पाठीमागे होते, आरशात फक्त टोपी दिसत होती. लासूर गेलं. मी वेग कमी केला, मग आणखी कमी केला, एका बैलगाडीवाल्यानं वळून बघितलं. माळीवाड्याला विचारलं, "अण्णा, पाठ दुखतेय का?"

"नाय."

एवढंच. दुखत असलं तरी ते हेच म्हणाले असते. उस्मानपुरा येईपर्यंत मी मनातल्या मनात ती गाडी विकूनसुद्धा टाकली.

घरी आल्यावर त्यांना धरून उतरवलं आणि राहवेना म्हणून विचारलंच. "मग सुपारी का नाही कातरली?"

"कशानं कातरू? अडकित्ता लिंबाखाली राहिला."

"अहो, मग तिथंच सांगायचं! उद्या कैलासला एसटीच्या कंडक्टरकडे द्यायला सांगते."

"कशाला त्याला तरास?" अण्णा जिन्याकडे वळले. "रविवारी जायचंच हाय की."